सहा-सहा-सहा-चार

मला ‘सहा’ म्हणता येत नाही. मी ‘सआ’ म्हणतो. ‘दहा’चं ‘दआ’ होतं, ‘आहे’चं ‘आए’, आणि ‘हो’ म्हणायला गेलो की नुसता ‘ओ’ निघतो. बायको म्हणते, एवढं एक बरं झालं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा हाक मारल्याबरोबर ओ द्यायला लागलात.

एकोणतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांमधून पोरांकडून पाढे म्हणून घेतले. ‘ह’ला कंठ्य वर्ण म्हणतात हे फळ्यावर लिहून दिलं. गळ्यात नेमका कुठं, असं कुणी विचारलं असतं तर नरड्याकडं बोट दाखवून मोकळा झालो असतो. नोव्हेंबर 2018मध्ये माझं स्वरयंत्र काढलं आणि ती जागा कळली. बाकीची अक्षरं ओठ, दात, टाळू, जीभ यांना धरून कशीबशी परत आली. ह मात्र स्वरयंत्रातच जन्मतो, तो गेला तो गेलाच. जाताना ख, घ, भ यांच्यातलाही हकार घेऊन गेला, त्यामुळं माझ्या तोंडी ‘भाकरी’ आणि ‘बाकरी’ यांच्यात फरक उरला नाही. ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोन्ही शब्दांत ह आहे, हे इतकी वर्षं मराठी शिकवून माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. नशीब, आमच्या कराडकडं ‘नाय’ चालतं.

कवी म्हणून माझी जी काही थोडीफार ओळख होती, ती आवाजाची. संग्रह दोन. दुसरा पदरमोड करून काढलेला, त्याच्या दोनेकशे प्रती अजून माळ्यावर आहेत. पण कविसंमेलनात लोक चपला शोधायला लागले की सूत्रसंचालक मला उभं करायचा. गझलेचा मतला, म्हणजे पहिला शेर, तरन्नुममध्ये, चालीवर, सुरू केला की लोक परत टेकायचे. ‘आवाजावर कविता खपवतो’ असं माघारी बोलणारे होते. मला राग यायचा, कारण ते बरंचसं खरं होतं.

त्याच संमेलनांच्या मांडवामागं पस्तीस वर्षं सिगारेट ओढली. 2018च्या फेब्रुवारीत आवाज बसला. खडूची धूळ, गारवा, जागरण अशी कारणं मी स्वतःच स्वतःला पुरवली. ज्यांच्याकडं दाखवत होतो त्यांनी गुळण्या, गोळ्या, पुन्हा गोळ्या असं सप्टेंबरपर्यंत चालवलं. घशात दुर्बीण घालून बघावी हे त्यांनाही सुचलं नाही आणि मीही म्हटलं नाही. आता भेटेल त्याला सांगतो: तीन आठवडे झाले तरी आवाज मोकळा होत नसेल, त्यातून तंबाखूची सवय असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून आत बघून घ्या. बिनदुखणा असतो तो कॅन्सर. दुखलं असतं तर मी लवकर गेलो असतो.

टाटाला पोचेपर्यंत गाठ कूर्चेत शिरली होती. नुसत्या किरणांवर भागणार नव्हतं. स्वरयंत्र पूर्ण काढायचं, श्वासनलिका गळ्याच्या पुढच्या बाजूला आणून शिवायची, म्हणजे पुढचा जन्मभर श्वास नाकातोंडातून नाही, गळ्यावरच्या भोकातून. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. चित्र छान होतं. मी ते घडी घालून कवितेच्या वहीत ठेवलं, अजून आहे.

राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा मिळाली. कराडहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री बसायचं, सकाळी दादरला उतरायचं. कॅन्सरच्या पेशंटला उपचाराला जाता-येता रेल्वेच्या स्लीपरमध्ये पूर्ण सवलत असते आणि सोबतच्या माणसाला पाऊण, त्यामुळं दोघांचा प्रवास पाव तिकिटात व्हायचा. हे मला हॉस्पिटलात नाही कळलं. धर्मशाळेत बादलीच्या रांगेत उभ्या असलेल्या एका दरभंग्याच्या पोरानं सांगितलं, कुठल्या खिडकीवर फॉर्म मिळतो तेही त्यानंच दाखवलं. तिथं नाव सहसा कुणी विचारत नाही. गाव विचारतात आणि मग अवयव. ‘जालना, गाल.’ ‘दरभंगा, हड्डी.’ ‘कराड, गळा.’ दोन दिवसांत मी ‘कराड मास्तर’ झालो.

ऑपरेशनला दोन दिवस होते. संध्याकाळी एक म्हातारे गृहस्थ आमच्या खाटेपाशी येऊन उभे राहिले. पांढरी दाढी, गळ्याला चौकड्यांचा रुमाल. मालेगावचे, यंत्रमागावर आयुष्य गेलेलं. फेरतपासणीला आले होते आणि त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की अमक्या खोलीत एक नवा गळेवाला आलाय. त्यांनी काही न बोलता रुमालाची गाठ सोडली. आत जुन्या आठ आण्याच्या नाण्याएवढं भोक. गुळगुळीत, कडेनं फिकट गुलाबी. श्वासाबरोबर कडा किंचित आत-बाहेर होत होत्या. बायकोनं माझा दंड घट्ट धरला.

मग त्यांनी ओठ मिटून हवेचा घोट गिळल्यासारखं केलं आणि ढेकरेतून शब्द काढला. “देख... बोलता... ऐ ना... मैं.”

एका घोटात तीन-चार अक्षरं. पुन्हा घोट. माझ्या गळ्यात त्या दिवशी अजून आवाज होता, चिरका का होईना. पण शब्द फुटेना. बायकोनंच विचारलं, “चाचा, दुखतं का ओ?”

“दुखता नई. छींक... गले से... आती ऐ. शुरू में... अजीब... लगता ऐ.”

मला एकच विचारायचं होतं. ते विचारताना लाज वाटली, कारण शेजारच्या खाटेवर माणूस जिवाची भीक मागत होता आणि मी विचारत होतो, शेर म्हणता येईल का?

चाचांना प्रश्नात काही वावगं वाटलं नाही. मालेगावात मुशायरे नवे नाहीत. ते म्हणाले, नऊ वर्षं झाली माझ्या ऑपरेशनला, मी अजून मुशायऱ्याला जातो. “दाद देने को... गला नई... लगता. आथ... लगता ऐ.” आणि टाळी वाजवून दाखवली. तेवढी टाळी स्पष्ट होती. तिच्यात ह नव्हता.

ऑपरेशन मोठं झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, मी झोपलो होतो. जागा झालो तेव्हा नाकात अन्नाची नळी, मानेत दोन ड्रेन आणि ओरडायला गेलो तर तोंड नुसतं उघडलं. शेजारी लोखंडी कपाटावर पाटी ठेवलेली. पहिलीच्या वर्गातली, लाकडी चौकटीची. बायकोनं दादरच्या बाजारातून आणली होती. आयुष्यभर पोरांच्या पाट्या तपासल्या, आता माझी पाटी नर्सबाई तपासत होत्या. मी लिहिलेलं पहिलं वाक्य ‘पाणी’. त्या म्हणाल्या, काका, अजून बारा दिवस नाही. मी पाटी पुसून लिहिलं, ‘मग पुसायला तरी द्या.’ त्या हसल्या. विनोद लिहून करता येतो, पण दर वेळी दोन मिनिटं उशिरा पोचतो, एवढं त्या आठवड्यात कळलं.

श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्या मधल्या भिंतीत ऑपरेशनच्या वेळीच एक झडप बसवली होती. आम्ही तिला बटण म्हणतो. बोलायच्या वेळी गळ्यावरच्या भोकावर अंगठा दाबायचा, म्हणजे फुप्फुसातली हवा बटणातून अन्ननलिकेत जाते, तिथले स्नायू थरथरतात आणि जाडसर, घोगरा असा एक आवाज येतो. अंगठा काढला की श्वास. परदेशी बनावटीचं हे बटण मला वीस हजारांच्या वर पडलं आणि ते काही महिन्यांनी बदलावं लागतं. चाचांना ते कधी परवडलं नाही, म्हणून ते ढेकरेवर बोलायला शिकले. बंगळूरचे डॉ. विशाल राव यांनी पन्नास रुपयांत बसेल असं बटण तयार केल्याची बातमी चाचांनी उर्दू पेपरातून कापून खिशात ठेवली होती. नवा पेशंट दिसला की ते कात्रण बाहेर निघायचं. घड्यांवर फाटलेलं, सेलोटेपनं जोडलेलं. वाचता आम्हा कुणालाच येत नव्हतं, पण फोटो बघायचो आणि पन्नासचा आकडा.

माझा पहिला शब्द काय आला? वाचा शिकवणाऱ्या बाईंनी अंगठा नीट ठेवायला लावला आणि म्हणाल्या, ‘आ’ म्हणा. मी ‘आ’ म्हटलं. खोल विहिरीत दगड पडल्यासारखा आवाज झाला. दाराशी उभी असलेली बायको आत यायच्या ऐवजी बाहेर गेली. नंतर म्हणाली, तुमचा आवाज वाटला नाही, म्हणून कोण बोललं ते बघायला गेले. खोटं बोलली. डोळे पुसायला गेली होती.

त्यानंतर किरणं. तीस बैठका, सहा आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज. तोंडावर जाळीचा मुखवटा आवळून टेबलाला बांधतात आणि खोलीतून सगळे निघून जातात. तिसऱ्या आठवड्यापासून मान आंब्याच्या सालीसारखी काळवंडली, लाळ आटली, आतून सूज आली आणि कमावलेला थोडका आवाज पुन्हा आखडला. एका श्वासात सात-आठ अक्षरं निघायची, मग दम संपायचा.

मी हट्टानं माझ्याच एका गझलेचा सराव करत होतो. धर्मशाळेच्या गॅलरीत, दुपारी, बाकीचे झोपलेले असताना. ओळ लांब, सव्वीस मात्रांची. अर्ध्यात दम तुटायचा, पुन्हा अंगठा, पुन्हा पहिल्यापासून. जालन्याच्या आक्का भिंतीला टेकून ऐकत होत्या. मिश्रीनं गाल गेलेला, जिभेचाही थोडा भाग गेलेला, त्यामुळं त्यांचं बोलणं तोंडात घास असल्यासारखं यायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, “मास्तर, येवढी लांब ओळ कायला? दोर विहिरीला पुरंना, तर विहीर बदला की.”

मला ते लागलं. कवीला कुणी ओळ आखूड कर म्हटलं की लागतंच.

आक्कांचा रोज संध्याकाळी हरिपाठ असायचा. जीभ चालत नसल्यामुळं त्यांचे अर्धे शब्द कळायचे नाहीत, पण त्या सोडायच्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं आणि वाटणी केली: “एक बोल तुमी म्हना, एक मी म्हन्ते. मला जीभ पुरत नाई, तुमाला दम पुरत नाई. दोघं मिळून एक मानूस हुतंय.” मी अंगठा दाबला आणि पहिला चरण म्हटला. संपला. दम शिल्लक होता. आक्कांनी दुसरा म्हटला, तेवढ्यात मी श्वास घेतला. तिसरा मी. तोही पुरला.

पंचवीस वर्षं मी सातवीच्या पोरांना फळ्यावर लिहून दिलंय: मोठा अभंग, चार चरण, अक्षरं सहा-सहा-सहा-चार, दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक. परीक्षेत दोन मार्कांना यायचं. सहा अक्षरं म्हणजे एक श्वास, हे कधी मोजलं नव्हतं. शेवटचा चरण चारच अक्षरांचा का, तर तिथं दम संपत आलेला असतो, असं मला त्या गॅलरीत वाटलं. छंदशास्त्राचे जाणकार हसतील. त्यांनी हसावं, त्यांचं स्वरयंत्र जागेवर आहे.

दोनचार दिवसांत गॅलरीत माणसं वाढली. दरभंग्याचा पोरगा कुबडीनं ताल धरायचा. चाचा पुन्हा तपासणीला आले होते, ते बाजूला बसून ऐकायचे आणि मध्येच टाळी द्यायचे. बंगालची एक बाई काही न कळता डोलायची. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्या माणसांना प्रश्न विचारून त्यांना बोलतं करायचे, असं लहानपणी वडिलांकडून ऐकलं होतं. त्यांच्या नावाच्या इमारतीत आम्ही निम्मे मुके गाठ पडलो होतो आणि गोंगाट मात्र एवढा की खालून एकदा निरोप आला, पेशंट झोपलेत.

मार्चमध्ये गावी आलो. एका साहित्य मंडळानं माझ्यासाठी कृतज्ञता सोहळा ठेवला. त्यांचा हेतू चांगला होता, निधीही जमवला होता आणि तो मी घेतला, हे आधीच सांगतो. पण व्यासपीठावर बसल्यावर लक्षात आलं की सगळे वक्ते भूतकाळात बोलतायत. ‘सरांचा आवाज असा होता.’ ‘सर मैफल जिंकायचे.’ मी तिथं जिवंत, समोर गुच्छ घेऊन बसलेला. मग त्यांनी माझ्या जुन्या गझलेची ध्वनिफीत लावली. सभागृह गप्प. माझाच आवाज लाउडस्पीकरमधून येत होता आणि माझे ओठ आपोआप हलत होते, चोरून गाणं म्हणणाऱ्या पोरासारखे.

शेवटी मी खूण केली, बोलायचंय. एका उत्साही कार्यकर्त्यानं माइक तोंडासमोर धरला. तेवढ्यात कुणीतरी पाणी दिलं, ते मी प्यायलो, आणि बटण त्या दिवसांत गळत होतं. दोन थेंब श्वासनलिकेत गेले. खोकला तोंडातून येत नाही, गळ्यातून येतो; तो नव्या कोऱ्या शालीवर आला. पहिल्या रांगेतल्या दोन बायकांनी मान फिरवली. माइक अलगद काढून घेतला गेला. “सरांना त्रास नको.” टाळ्या. राष्ट्रगीत. मी लिहून नेलेले दोन अभंग खिशातच राहिले.

रात्री झोप लागली नाही. ते वाईट वागले असते तर भांडता आलं असतं.

आमच्या गावात विठ्ठलाच्या देवळात दर एकादशीला भजन असतं. मी कधी गेलो नव्हतो. मी गझलवाला, पुरोगामी वगैरे. माघारी त्यांना टाळकुटे म्हणायचो, आणि गाव लहान असल्यामुळं त्यांना ते माहीत होतं. सोहळ्यानंतरच्या एकादशीला विणेकरी बुवा स्वतः घरी आले. पंच्याहत्तरीचे, ऊस आणि दोन म्हशी. म्हणाले, “गुरुजी, वहिनी सांगत हुत्या, तुमी अभंग केलाय. चला.”

मी अंगठा लावून म्हटलं, मला गाता येत नाही.

“गायचं आमी बगतो. तुमी नुस्ता बोल टाका.”

भजनाची रीत मला तेव्हा नीट कळली. पुढचा माणूस एक चरण टाकतो, मागचे टाळकरी तो उचलतात, दोनदा-तीनदा घोळवतात. तेवढा वेळ पुढच्या माणसाला मोकळा. म्हणजे श्वास घ्यायला जागा आधीच ठेवलेली. माझ्यासाठी कुणी काही खास केलं नाही, पखवाजवाल्यानं फक्त ठेका थोडा उतरवला. मी अंगठा दाबून सहा अक्षरं टाकायचो आणि चौदा गळे ती उचलायचे. माझ्या घोगऱ्या शब्दावर त्यांचा सूर चढायचा. पहिल्या खेपेला मी पुढचा चरणच विसरलो, त्यांचं ऐकत बसलो. बुवांनी विण्याच्या खुंटीनं कोपरखळी मारली.

तो अभंग मी ह टाळून केला होता. ख, घ, भ अशी हकार मिसळलेली अक्षरं, म्हणजे महाप्राणही टाळले, म्हणजे माझ्या तोंडून जसा लिहिला तसाच बाहेर पडावा:

बोट गळ्यावर
टेकून बोलावे
श्वासाने तोलावे
एक एक

सुरांचा उंबर
पडला वादळी
मुळाच्या जवळी
ओल आली

यात ‘पुन्हा’ हा शब्द मला फार हवा होता. तीन दिवस झगडलो, सोडून दिला. न्ह जमत नाही. एका अक्षरानं किती शब्द अडवून ठेवलेत हे बघितलं की गंमत वाटते: हात, हसू, हाक, हळद, बहीण, पहाट, मोहर. कविसंमेलनात टाळ्या घेणारे निम्मे शब्द गेले. ते गेल्यावर बाकी काय शिल्लक राहतं ते बघायची पाळी आली, आणि ‘आवाजावर खपवतो’ म्हणणाऱ्यांपैकी एक जण एकदा देवळात येऊन मागं बसून गेला. काही बोलला नाही. पुढच्या एकादशीला परत आला.

वासाचं सांगायचं राहिलं. नाकातून हवाच जात नाही, त्यामुळं वास येत नाही. पहिल्या पावसाच्या मातीच्या वासावर माझ्या तीन कविता आहेत, त्यातली एक बरी आहे. 2019च्या जूनमध्ये पाऊस पडला, मी ओट्यावर उभा, समोर रान भिजतंय आणि मला काही नाही. चित्र बघावं तसं. फोनवर चाचांच्या नातवाला सांगितलं. त्यांनी त्याच्या तोंडून युक्ती कळवली: ओठ घट्ट मिटायचे आणि तोंड न उघडता आत जांभई द्यायची, जबडा खाली ओढून. मग नाकातून थोडी हवा आत खेचली जाते. पंधरा दिवस मी येड्यासारखा जबडा हलवत फिरलो. शाळेतली पोरं माझी नक्कल करायला लागली. एक दिवस स्वयंपाकघराच्या दारात जांभई दिली आणि लसणाची फोडणी आली. फक्त एक झुळूक, गेली लगेच. मी दारातच उभा राहून पाच-सहा जांभया दिल्या. बायको म्हणाली, झोप आली असेल तर जा की आत. मातीचा वास मात्र अजून हाती लागलेला नाही. तो बारीक असतो, फोडणीसारखा दांडगा नसतो.

मालेगावहून वर्षातून दोनदा पार्सल यायचं. मऊ सुती कापडाचे चौकोन, कडा दुमडून शिवलेले, वरच्या बाजूला नाडी. गळ्यावर बांधायचे. भोकातून जाणारी हवा नाकासारखी गाळली जात नाही, धूळ, उसाचं पाचट जाळल्याचा धूर थेट आत जातो, म्हणून ओलसर कापड लागतं. दुकानात मिळतं ते महाग आणि टोचरं. चाचा मागावरच्या उरलेल्या कापडाचे पन्नास-पन्नास तुकडे करून महाराष्ट्रभर धाडायचे. मी इथून गूळ पाठवायचो.

2020मध्ये सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले आणि माझा गळ्यावर. श्वास गळ्यातून, मग मास्क तिथंच हवा ना. कराडला नाक्यावर एका हवालदारानं गाडी अडवली: “मास्क खाली आलाय, वर घ्या.” मी अंगठा लावून समजावायला गेलो तर माझा आवाज ऐकून त्याला वाटलं, दारू प्यालोय. शेवटी चाचांचा रुमाल वर करून भोक दाखवलं. तो दोन पावलं मागं सरकला, मग सलाम ठोकला. कशाला ठोकला ते त्यालाही कळलं नसावं.

चाचा 2021च्या उन्हाळ्यात गेले. कोरोनानं, कॅन्सरनं नाही. नातवानं फोन केला. मला फोनवर पटकन बोलता येत नाही, आणि त्या दिवशी मुळीच आलं नाही. मी रिसीव्हरजवळ टाळी वाजवली. का वाजवली, सांगता येणार नाही. पलीकडून तो म्हणाला, “जी चाचा, समझ गया.”

2023च्या तपासणीत माझ्या उजव्या फुप्फुसात दोन ठिपके दिसले. बाकी शरीरात नाही. डॉक्टरांनी गोळ्यांवर ठेवलंय: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, सेलेकॉक्सिब रोज दोनदा. कमी डोसाचा हा स्वस्त उपचार टाटाच्याच डॉक्टरांनी तपासून पुढं आणलेला आहे, सलाइन नाही, भरती नाही. मंगळवारी गोळ्या घेतल्या की बुधवार-गुरुवार तोंडात फोड, तेव्हा ताक-कण्या. ताक बटणालाही चांगलं म्हणतात, त्याच्यावर बुरशी कमी धरते. ठिपके सध्या जिथल्या तिथं आहेत. ‘बरं झालं का?’ असं गावात विचारतात, त्यावर काय सांगायचं ते अजून ठरवलं नाही. ‘चाललंय’ म्हणतो. त्यात ह नाही.

दर तीन महिन्यांनी दादर. आक्का अधूनमधून भेटतात. त्यांचा हरिपाठ चालू आहे. मी गेलो की कुणीतरी येऊन सांगतं, अमक्या खोलीत नवा गळा आलाय. मग जायचं, रुमालाची गाठ सोडायची. कात्रण आता माझ्याकडं आहे, नातवानं पार्सलमधून पाठवलं.

गेल्या खेपेला लासलगावकडचे एक गृहस्थ होते. कांदा बाजारात लिलाव पुकारणारे, बत्तीस वर्षं. ट्रॅक्टरपासून ट्रॅक्टरपर्यंत चालत, शंभर माणसांच्या कालव्यावर आवाज चढवायचा. ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता, नाकात नळी, मांडीवर पाटी. मी भोक दाखवलं, बोलून दाखवलं, छींक गळ्यातून येते तेही सांगितलं. ते माझ्या तोंडाकडं बघतच नव्हते, अंगठ्याकडं बघत होते. मग पाटीवर लिहिलं: ‘आकडे म्हणता येतील का?’

मी अंगठा दाबला. एक. दोन. तीन. चार. पाच. सआ. सात. आट. नऊ. दआ.

दहावर त्यांनी हात वर केला. पुन्हा म्हणा, अशी खूण. मी पुन्हा म्हटलं, ‘दआ’. त्यांनी थोडा वेळ विचार केला, पाटी पुसली आणि बाजारात भाव टिपावा तसं घाईघाईनं लिहिलं:

‘दहा येत नसेल तर थेट अकरा पुकारीन. शेतकऱ्याला रुपया जास्त.’